पोटातल्याचा हिस्सा

मोठ्या काकांनी मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, फॉरवर्ड नव्हता, स्वतः टाईप केलेला, म्हणजे विषय गंभीर. "आपला कायदा बघा. पोटातल्या पोराला जमिनीत हिस्सा आहे, पण जगायचा हक्क नाही. ह्याला न्याय म्हणायचं?" आणि खाली दोन जोडलेले हात. आत्याने अंगठा दिला, एका चुलतभावाने "अगदी बरोबर काका" लिहिलं, आणि मग नेहमीप्रमाणे मला टॅग, कारण मी गेली १४ वर्षं फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं टाईप करते. मी वकील नाही, हे घरात शंभरदा सांगून झालंय, उपयोग शून्य.

ग्रुपवर उत्तर दिलं नाही. तिथे असल्या विषयावर तीन ओळी लिहिल्या की चौथी ओळ "ताई जरा जास्तच बोलते हल्ली" अशी येते. म्हणून इथे, सावकाश.

तर काकांचं अर्धं वाक्य एकदम खरं आहे, आणि आमच्याच घरात घडलेलं आहे. संगमेश्वरकडे आमची थोडी जमीन. आजोबांचे धाकटे भाऊ १९६१ साली तापाने गेले, तेव्हा त्यांची बायको पाचव्या महिन्यात. कोणीतरी म्हणालं आत्ताच नावं चढवून घ्या, नंतर कटकट नको. आजोबा म्हणाले, थांबायचं. पोटात आहे ते बाहेर येऊ दे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चा, कलम २०, तेच सांगतं: माणूस मेला तेव्हा जे पोटात होतं आणि नंतर जिवंत जन्मलं, त्याला आधीच जन्मलेल्यासारखाच वारसा. आजोबांना कलम माहीत असणं शक्य नाही, पण रीत माहीत होती. मुलगी झाली. बापाचा वाटा तिच्या आणि तिच्या आईच्या नावावर चढला, सातबाऱ्यावर अजून आहे. काकांच्या मेसेजला अंगठा देणारी आत्या म्हणजे तीच.

पण काका कलमातले तीन शब्द खाऊन गेले: नंतर जिवंत जन्मलं. आत्या मेलेली जन्मली असती तर तिचा वाटा तिच्यामागे कोणाला गेला नसता, कारण तो कधी तिचा झालाच नसता. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे हे. माणूस चढला तर जागा त्याची, नाही चढला तर रुमाल उचलायचा, आणि रुमालाचं तिकीट कोणी फाडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्यात न जन्मलेल्याच्या फायद्यासाठी मिळकत लिहून ठेवता येते (कलम १३, माझ्या टायपिंगमध्ये महिन्यातून एकदा तरी येतं), पण मध्ये कोणीतरी जिवंत माणूस धरावा लागतो. मुदतीचा कायदा (दावा कधीपर्यंत लावता येतो ते सांगणारा) १९६३ चा, तो तर सरळ म्हणतो की अज्ञान म्हणजे मायनर ह्यात पोटातलं मूलही धरायचं. सगळा रुमाल.

आता फौजदारी. जुनी दंड संहिता १८६० ची, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता, पण ह्या बाबतीत नंबर बदलले, मजकूर तोच. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे: आईच्या पोटात असलेल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही. पण मुलाच्या अंगाचा कुठलाही भाग बाहेर आला असेल, त्याने श्वाससुद्धा घेतला नसला तरी, तो मनुष्यवध ठरू शकतो. म्हणजे रेषा कुठे आहे ते इंग्रजांनी अगदी इंचात सांगून ठेवलंय.

मग गर्भपात मोकळा आहे का? अजिबात नाही, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं, आपल्याकडे "गर्भपात लीगल आहे" असं सरसकट बोलतात. गर्भपात घडवणं आजही गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत, आणि पोटात बाळ फिरायला लागलं असेल तर ७ वर्षांपर्यंत. बाईच्या मर्जीविरुद्ध केला तर जन्मठेपेपर्यंत. आणि खाली स्पष्टीकरण, की स्वतःचा गर्भ पाडणारी बाई सुद्धा ह्यात आली. १९७१ चा एमटीपी कायदा, म्हणजे डॉक्टरकडून करायच्या गर्भपाताचा कायदा, ह्या गुन्ह्याला पाडलेली खिडकी आहे, दरवाजा नाही. एवढ्या आठवड्यांपर्यंत, अमुक कारणासाठी, नोंदणी झालेल्या डॉक्टरने प्रामाणिक मताने केलं तर डॉक्टर गुन्हेगार नाही. कायद्याची भाषा वाचा एकदा, डॉक्टरला वाचवण्यासाठी लिहिल्यासारखीच आहे. त्याच्या आधी शांतीलाल शहांची समिती बसली होती, हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री, आणि त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न होता चोरून, कुठेही, कसंही करून घेताना मरणाऱ्या बायका. बाईचा हक्क वगैरे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडात नव्हता.

काकांसारखा सवाल अमेरिकेत उलट्या बाजूने विचारला गेलाय, तो मला फार आवडतो. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालात गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्यात एक तळटीप आहे, ५४ नंबरची. टेक्सास राज्य म्हणत होतं गर्भ ही व्यक्ती आहे. कोर्ट म्हणालं, बरं, व्यक्ती आहे ना, मग आईचा जीव वाचवायला तिला मारायची सूट तुमच्याच कायद्यात कशी? आणि मग आई गुन्ह्यात भागीदार का नाही? आणि शिक्षा खुनापेक्षा इतकी कमी का? टेक्सासकडे ह्याला धड उत्तर नव्हतं. आता गंमत बघा, ह्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला आपलं उत्तर तयार आहे, आपण आईलाही धरतो. म्हणजे सुसंगतीच्या परीक्षेत आपण टेक्सासच्या पुढे. मला नको असली सुसंगती.

रो निकाल त्याच कोर्टाने २४ जून २०२२ ला रद्द केला आणि त्यानंतर तिकडे जे सुरू झालं ते वाचताना मी लोकलमध्ये एकटीच हसत होते. टेक्सासमध्येच एक ३४ आठवड्यांची गरोदर बाई दोन किंवा जास्त माणसांच्या गाड्यांसाठी राखीव लेनमधून जात होती, पोलिसाने थांबवलं, ती पोटावर हात ठेवून म्हणाली हा दुसरा माणूस. पावती फाडलीच. जॉर्जियात २०२२ ला पोटातल्या बाळाच्या नावाने इन्कम टॅक्समध्ये ३००० डॉलरची सूट. अलाबामाच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की आयव्हीएफसाठी (आपण टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो ते) गोठवून ठेवलेले भ्रूण म्हणजे मुलंच, आणि तेही १८७२ च्या कायद्याखाली. झालं, काही आयव्हीएफ सेंटर्सनी काम बंद केलं, कारण फ्रीजर बिघडला तर मुलांच्या मृत्यूचा दावा लागणार. महिन्याच्या आत विधिमंडळाने कायदा करून सेंटर्सना संरक्षण दिलं. मूल तर आहे, पण दावा नाही! आपल्याकडे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यात भ्रूण १० वर्षं ठेवायचे, नंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे, आणि त्यावर काकांनी कधी मेसेज टाकल्याचं आठवत नाही.

इथपर्यंत माझा सूर जरा चढा होता, मला माहितीये. आता खाली येते, कारण हा विषय माझ्या घरात कागदावरचा नाही.

माझी धाकटी बहीण. २०१९. ३१ वा आठवडा. संध्याकाळी फोन, "ताई, दुपारपासून फिरलं नाहीये गं." मी म्हटलं गोड काहीतरी खा, डाव्या कुशीवर झोप, सगळे सांगतात तेच सांगितलं. रात्री ठाण्याच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीवाल्या बाईंनी स्क्रीन आमच्या बाजूने थोडी वळवलेली होती ती परत स्वतःकडे वळवली, आणि मला कळलं. पुढच्या दिवशी कळा देऊन, नॉर्मल डिलिव्हरी. मुलगी. मी हातात घेतली होती. नखं होती पूर्ण.

नोंद मृतजन्म म्हणून झाली, जन्ममृत्यू नोंदणीत त्याचा वेगळा फॉर्म असतो, २८ आठवड्यांच्या पुढचं असलं तर. त्यात लिंग लिहायचं, किती आठवडे ते लिहायचं, आईचं वय लिहायचं, आणि नावाला रकानाच नाही. मेहुण्यांनी दोनदा विचारलं, नाव कुठे लिहायचं. क्लार्क चांगला होता, म्हणाला, "साहेब, ह्यात नाव नसतं."

आणि मग तिचं अंधेरीचं ऑफिस. एचआरचा मेल आला, सॉरी फॉर युअर लॉस वगैरे, आणि मिसकॅरेजची रजा ६ आठवडे मंजूर. तेव्हा मी आमच्या सरांच्या कपाटातून मातृत्व लाभ कायदा काढला, १९६१ चा. त्यात व्याख्या होत्या. गर्भपात म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंतचा. प्रसूती म्हणजे मूल जन्मणं. आणि मूल ह्या शब्दात मृत जन्मलेलं मूलही आलं. हे मी तीनदा वाचलं. म्हणजे तिला बाळंतपणाची रजा, पूर्ण २६ आठवडे, पगारी. मेलचा मजकूर मी बसून टाईप केला, कलमासकट, आयुष्यात इतकं जपून काही टाईप केलं नसेल. चार दिवस काही नाही, मग "वी हॅव रिव्ह्यूड" करून मंजूर. बहीण रडली, आणि पैशासाठी नाही. म्हणाली, "कायद्यात मूल लिहिलंय ना गं? बाकी सगळे म्हणतायत ठीक आहे, दुसरं होईल."

तर मी स्वतः लढलेय, पोटातल्याला मूल म्हणा म्हणून. आणि मीच गर्भपाताच्या बाजूने आहे, कॉलेजपासून. काकांच्या हिशोबाने मी पण दुटप्पी. ह्यावर मी खरंच खूप दिवस विचार केला, आणि मला एक गोष्ट दिसली, ती अशी की बाळाला जिथे जिथे कायदा माणसासारखं धरतो तिथे समोर कोणीतरी तिसरा असतो. जमीन घशात घालायला बसलेला दीर. गाडी ठोकणारा, कारण अपघातात पोटातलं गेलं तर मूल गेल्यासारखी भरपाई आपल्या काही हायकोर्टांनी दिलेली आहे. ६ आठवड्यांवर भागवणारं एचआर. बाईच्या पोटावर लाथ मारणारा नवरा. ह्या प्रत्येक ठिकाणी बाळ आणि आई एकाच बाजूला आहेत, बाळाच्या नावाने जे मिळतं ते आईच्या हातात पडतं. बाळाला आईच्याच विरुद्ध उभं करायचं हे फक्त एका ठिकाणी होतं, गर्भपाताच्या. काका म्हणतात तिथे माणूस मग इथे का नाही, पण तिथे आणि इथे प्रश्नच एक नाहीये. रुमाल दुसऱ्या प्रवाशाविरुद्ध टाकलेला असतो. ज्या सीटवर टाकला तिच्याविरुद्ध नाही.

आमच्या आजीला हे सुतकातून माहीत होतं. पराशर स्मृतीतलं आहे म्हणे, चौथ्या महिन्यापर्यंत गेलं तर स्राव, पाचव्या-सहाव्यात गेलं तर पात, त्याच्या पुढे प्रसूती, आणि सुतक त्याप्रमाणे कमीजास्त. शास्त्रीबुवांनी सुद्धा एका झटक्यात व्यक्ती आहे की नाही असं विचारलं नाही, चढत्या पायऱ्या ठेवल्या. (बाकी शास्त्रांचं मी काही मानत नाही, पण हे सोयीचं आहे म्हणून घेते, मान्य.)

शब्दांचंही बोलायला हवं. पोट पाडणं, क्युरेटिंग, पिशवी साफ करणं, आपल्याकडे बायका काय काय म्हणतात, आणि सरकारी भिंतीवर "स्त्रीभ्रूणहत्या". सोनोग्राफीच्या दारात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी योग्यच, महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला १९८८ ला, मग केंद्राचा १९९४ ला, त्याचा अभिमान आहे. पण त्या कायद्यात गुन्हा कशाचा आहे? लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. हत्या हा शब्द आपण पोस्टरसाठी आणला आणि तो बाकी सगळ्याच गर्भपातांना चिकटला. माझ्या ओळखीचा केमिस्ट गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाही, म्हणतो कोण रजिस्टर सांभाळणार, उद्या इन्स्पेक्टर आला की मलाच विचारणार. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेली ७ आठवड्यांची बाई आणि मुलगी नको म्हणून पाडायला आलेली, त्याच्या डोक्यात एकाच खात्यात.

आता विसंगती खरंच कुठे आहे ते सांगते, कारण आहे, फक्त काका बोट ठेवतात तिथे नाही.

२००८ मध्ये मुंबईचं एक जोडपं आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार हायकोर्टात गेले. गर्भाच्या हृदयात दोष, कळला तेव्हा २० आठवड्यांची मुदत उलटलेली. कोर्टाने नाही म्हटलं. नंतर थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप गेला. कायदा बदलायला २०२१ उजाडलं, १३ वर्षं. आता २० पर्यंत एका डॉक्टरचं मत, काही ठरावीक बायकांना २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ च्या पुढेही, मेडिकल बोर्डाने हो म्हटलं की झालं, वरची मर्यादाच नाही. ह्यावर थांबा जरा. २४ आठवड्यांनंतर राज्याला बाळाच्या जिवाची काळजी आहे म्हणून बाईला अडवायचं, समजू शकते. मग व्यंग असलेल्या बाळाची काळजी ३० व्या आठवड्यालाही का नाही? जीव म्हणून वाचवता की चांगला जीव म्हणून? मी त्या आईबापांना दोष देत नाहीये, त्यांच्या जागी मी काय केलं असतं मला माहीत आहे. पण कायद्याने स्वतःच्या तोंडाने बाळाचं नाव घेतलं की हा प्रश्न विचारायला लागतो.

ऑक्टोबर २०२३ ची सुप्रीम कोर्टातली केस मी रोज फॉलो करत होते. दोन मुलांची आई, धाकटं अंगावर पिणारं त्यामुळे पाळीच नाही, कळलं तेव्हा उशीर झालेला, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, २६ वा आठवडा. ९ तारखेला परवानगी. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, बाळ जगण्यासारखं आहे, हृदय थांबवायचं का? ११ तारखेला दोन्ही न्यायाधीश बायका, आणि दोघींची मतं वेगळी. न्या. नागरत्ना म्हणाल्या गर्भ आईवर अवलंबून आहे, तिच्यापासून वेगळी व्यक्ती धरता येत नाही, तिचा निर्णय मानायला हवा. न्या. हिमा कोहलींचं मन धजेना. १६ तारखेला तीन जणांच्या बेंचने नाही म्हटलं. मी नागरत्नांच्या बाजूने आहे. पण तो "हृदय थांबवायचं का" वाचला त्या रात्री मला झोप आली नाही, ती नखं डोळ्यासमोर होती, आणि हे लपवून बाजू मांडणं मला जमणार नाही.

पुढच्याच वर्षी आपल्या इथली १४ वर्षांची मुलगी. अत्याचार झालेली. हायकोर्टाचा नकार, २२ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा होकार, सायनच्या हॉस्पिटलात करायचं ठरलं, ३० च्या आसपास आठवडे. आठवड्याभरात आईवडिलांचं मन बदललं आणि २९ ला कोर्टाने आदेश मागे घेतला. निकालात बरोबर लिहिलंय की शेवटी संमती गरोदर व्यक्तीची. पण ही मुलगी कोर्टापर्यंत जाईस्तोवर बोर्ड, त्याचा अहवाल, पुन्हा अहवाल, आणि त्या प्रत्येक कागदामागे पोट वाढतंय. मुदत ओलांडली म्हणून अडवायचं आणि अडवून मुदत वाढवायची.

आणि नवऱ्याने केलेली जबरदस्ती. सप्टेंबर २०२२ चा निकाल, लग्न न झालेल्या बायकांनाही २४ आठवडे देणारा, त्यात कोर्टाने म्हटलं की गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याचा बलात्कार हा बलात्कार धरायचा. त्याच नवऱ्यावर फौजदारी केस करायला जा, तिथे तो बलात्कार नाही. गर्भ पाडण्याइतकं खरं, तक्रार लिहिण्याइतकं नाही. काका, दुटप्पी हवंय ना, हे घ्या. ह्यावर ग्रुपवर कोण अंगठा देतो बघूया.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं, म्हटलं अंगठा कसला देतेस, तुझ्यावरच आहे तो मेसेज. ती म्हणाली, "मी वाचलाच नव्हता गं, काकांचा होता म्हणून दिला." मग म्हणाली, आई सांगायची, पाच महिने सगळे तिला जेवण बरोबर देत होते, हिस्सा पोटात होता ना.

बहिणीला २०२१ मध्ये परत दिवस राहिले. पहिल्या चेकअपला मी सोबत होते. नर्स फाईल उघडून विचारते, "पहिलंच ना?" बहीण म्हणाली, "दुसरं." नर्सने वर बघितलं, आणि काही न विचारता लिहिलं, जी २, पी १, एल ०. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं हे काय असतं. मी म्हटलं दिवस कितीदा गेले, बाळंतपणं किती झाली, आणि हयात किती. तिने फाईलवरून बोट फिरवलं, पी १ वर थांबवलं, आणि म्हणाली, चल, भूक लागलीये.